हैतीच्या ढोलांकडून शिकून इलेक्ट्रॉनिक संगीत उभारताना: ओगानपासून कासेपर्यंत

लॅपटॉपवर संगीत करणाऱ्या कुणालाही आफ्रिकन आणि कॅरिबियन ढोलांचे तयार लूप, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारे तुकडे, आज चार क्लिकमध्ये मिळतात. ते खाली अंथरायचे, वर एकसारखी किक, म्हणजे खोल ठोका, लावायची, मधून एखादा सिंथ, म्हणजे यंत्राने घडवलेला सूर, सोडायचा. असे ट्रॅक ढिगाने आहेत आणि बहुतेक दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत. ढोलांचा आवाज तेवढा उचललेला असतो. ढोल वाजवणारी माणसं एकमेकांशी जे बोलत असतात ते मागेच राहतं.

हैतीच्या वोदू या धर्मपरंपरेत प्रत्येक वाद्याला नेमून दिलेलं काम आहे. ओगान ही लोखंडी घंटा, ती वाट आखून देते. बुला हा सगळ्यात लहान ढोल, तो न थकता चालत राहतो. मधला सेगोन उत्तरं देतो. आणि सगळ्यात मोठा मानमान, म्हणजे आई ढोल, बोलतो, अडवतो, नाचणाऱ्याला ढकलतो, वेळ आली की सगळी वीण मोडतो, यालाच कासे म्हणतात. ही कामाची वाटणी यंत्रात कशी उतरवायची ते या लेखात पायरीपायरीने मांडतो. सगळ्या पायऱ्यांमागे एकच नियम आहे: मानमान कधीही लूप करायचा नाही. घंटा यंत्राला द्या, बुला यंत्राला द्या, सेगोन अर्धा यंत्राला द्या. मोठा ढोल माणसाच्या हातातच राहिला पाहिजे.

आधी कान

हैती म्हणजे पूर्वीची सँ-दोमँग ही फ्रेंच वसाहत. साखर आणि कॉफीच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून लाखो माणसं गुलाम करून इथे आणली: डाहोमीच्या, म्हणजे आजच्या बेनिनच्या परिसरातून, योरुबा मुलखातून, कोंगोतून. १७९१ मध्ये त्यांनी बंड केलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. ढोलांच्या घराण्यांमध्ये हा सगळा भूगोल अजून ऐकू येतो. रादा हे घराणं डाहोमीकडच्या आल्लादाचं नाव सांगतं, नागो योरुबांचं, कोंगो त्याच नावाच्या मुलखाचं. पेत्वो हे मात्र बऱ्याच अंशी बेटावरच घडलेलं, तापट, वेगवान घराणं.

रादाचे ढोल तीन. लाकडी खोडातून कोरलेले, वर गाईचं कातडं, ते खुंट्यांनी ताणलेलं. बुला दोन काठ्यांनी वाजतो, मानमान एका हाताने आणि एका काठीने. पेत्वोचे ढोल दोन, बकऱ्याचं कातडं दोरीने ताणलेलं, वादन हातांनी. जाड कातड्याचा आवाज गोल आणि खोल, पातळ कातड्याची थाप फटकन अंगावर येणारी. पुढे आवाज घडवताना हा फरक उपयोगी पडणार आहे.

हे ढोल देवाच्या कामाचे आहेत, हेही सुरुवातीलाच ध्यानात घ्यायला हवं. १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चने सरकारच्या पाठबळावर वोदूविरोधी मोहीम चालवली, त्यात देवस्थानं मोडली आणि ढोल जाळले. वोदूला धर्म म्हणून सरकारी मान्यता मिळाली ती २००३ मध्ये. एवढं सोसून टिकलेल्या गोष्टीला हात लावताना थोडा अदब हवा, आणि तो संगीतातही दिसायला हवा.

ऐकायला काय घ्यावं? लोकसंगीत संग्राहक अॅलन लोमॅक्स यांनी १९३६-३७ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी हैतीत केलेलं सुमारे ५० तासांचं ध्वनिमुद्रण २००९ मध्ये लोकांसमोर आलं, तिथून सुरुवात करा. मग आझोर आणि फ्रिस्नेर ओग्युस्तँ हे हैतीचे ढोलवादक ऐका. ओग्युस्तँ हैतीतून न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी एक पिढी शिकवून तयार केली आणि १९९९ मध्ये त्यांना अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. इलेक्ट्रॉनिक बाजूला गोनाईव्ह शहरातला चूक ब्वा हा गट आणि बेल्जियमची दि ऑंगस्ट्रॉमर्स ही जोडी यांचं २०२० पासूनचं एकत्र काम अवश्य ऐका. तिथे ढोल ढोलच राहतात आणि यंत्रं त्यांच्या भोवती वाकतात. हैतीतच वाढलेल्या व्हॅल जाँती यांचं काम याहून वेगळं, जास्त धूसर. कंपालाचा निहिलोक्सिका हा गट युगांडाच्या ढोलांशी हेच नातं जोडतो. परंपरा निराळी आहे, पण पद्धत शिकण्यासारखी.

ऐकण्याची रीत अशी ठेवा. एकच ध्वनिमुद्रण घ्या, पाच मिनिटांचं असलं तरी पुरे. पहिल्या फेरीत फक्त ओगान ऐका, बाकी सगळं कानाआड करा आणि ओगान टेबलावर बोटाने वाजवा. दुसऱ्या फेरीत फक्त बुला. तिसरीत ओगान आणि बुला यांच्यामधली फट. मानमानकडे सगळ्यात शेवटी जा. नवखा कान आधी मोठ्या ढोलाकडे धावतो आणि तिथेच हरवतो. घंटा अंगवळणी पडली की मोठा ढोल काय बंडखोरी करतोय ते आपोआप कळायला लागतं.

बारा घरं

यानवालू ही रादा घराण्याची प्रमुख लय. दांबाला या सर्परूपी ल्वाशी, म्हणजे देवतेशी, तिचं नातं आहे आणि नाचात पाठीची लाट उठते ती त्यामुळेच. चक्र बारा सूक्ष्म मात्रांचं. पश्चिम आफ्रिकेत, घाना-टोगोच्या एवे लोकांकडे गांकोगुई या जोडघंटेवर वाजणारा सात ठोक्यांचा बोल या सगळ्या घराण्याचा कणा आहे. तो असा:

टं – टं – टं टं – टं – टं – टं

म्हणजे १, ३, ५, ६, ८, १०, १२ या घरांत ठोका, बाकी घरं मोकळी. हाच नमुना सीक्वेन्सरमध्ये, म्हणजे ठोके क्रमाने वाजवणाऱ्या यंत्रात, भरा. वेग मिनिटाला १०० ठोके धरा, प्रत्येक ठोक्याचे तीन भाग. एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, एक घर २०० मिलिसेकंदांचं, पूर्ण चक्र २.४ सेकंदांचं. हे आकडे लिहून ठेवा, पुढे लागतील.

आता यंत्र बंद करू नका, उठून उभे राहा. घंटा चालू असू द्या आणि पायाने १, ४, ७, १० वर चाला. जमलं की तीच घंटा ठेवून १, ३, ५, ७, ९, ११ वर पाऊल टाका. मग १, ५, ९ वर. घंटा बदलली नाही, तरी प्रत्येक वेळी ती वेगळीच वाटते. बारा या संख्येला दोन, तीन, चार, सहा सगळ्यांनी भाग जातो आणि घंटेचा बोल यातल्या कुणाचीच बाजू कायमची घेत नाही. ही दोलायमान अवस्था हेच या संगीताचं भांडवल. म्हणून माझा आग्रह आहे की सुरुवातीला किक लावूच नका. चार ठोक्यांवर किक बसली की बाकी सगळे अर्थ बंद होतात.

तबला शिकलेल्यांना एक सूचना. बारा मात्रा दिसल्या की हात दोन दादऱ्यांकडे वळतो, टाळी-खाली शोधायला लागतो. इथे तसं विभागांचं बांधकाम नाही. घंटेतला पहिला ठोका समेसारखा वजनदार नसतो, कित्येकदा मानमान त्याला मुद्दाम टाळतो. तुमचं तालज्ञान मोजायला वापरा, वजन द्यायला नको.

बरेच जण हे नमुने युक्लिडच्या रीतीने बनवतात. गॉडफ्रीड तुसाँ या संगणकशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं की ठोके जास्तीत जास्त समान अंतरावर पसरवण्याची जुनी गणिती रीत वापरली, तर जगभरच्या पारंपरिक लयी बाहेर पडतात. बारा घरांत सात ठोके सांगितले की यंत्र १, ३, ४, ६, ८, ९, ११ देतं. हीसुद्धा तीच घंटा, फक्त सुरुवात वेगळीकडून. तीन घरं डावीकडे सरकवा, वरचा बोल मिळेल. काही मॉड्यूल, म्हणजे यंत्राचे सुटे घटक, आणखी वेगळ्या ठिकाणी सुरू होतात, तेव्हा आकड्यांवर विसंबू नका, बोल तोंडाने म्हणून तपासा. बोल तोंडात बसलेला नसेल तर तो यंत्रात भरू नये, असं मी शिकवताना नेहमी सांगतो.

ओगानचा आवाज स्वतःचा हवा

हैतीत ओगान म्हणून बहुतेकदा जुन्या फावड्यासारख्या अवजाराचं लोखंडी पातं असतं. आपल्याकडे भंगारवाल्याकडे फावड्याची झिजलेली पाती पडून असतात. चार-पाच वाजवून पाहा आणि ज्याचा आवाज चटकन विरतो पण टोकदार आहे ते घ्या. दांड्याच्या भोकातून तार ओवून टांगा, म्हणजे हाताने दाबून आवाज मारताही येईल आणि मोकळाही ठेवता येईल. मोठ्या खिळ्याने काठाजवळ आणि मध्यावर वाजवा. दोन वेगळे स्वर मिळतील. दोन्ही ध्वनिमुद्रित करा, प्रत्येकी सात-आठ वेळा, जोर कमी-जास्त करत. तेच ठोके आळीपाळीने वाजले की कानाला यंत्राचा वास येत नाही.

माइक नसेल तर पिएझो डिस्क, म्हणजे थरथर विजेत बदलणारी चकती, चालते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ती अगदी स्वस्तात मिळते. पात्याला दुहेरी टेपने चिकटवा. पण ती कुठे जोडता याला फार महत्त्व आहे. डिस्कची धारिता साधारण २० नॅनोफॅरड असते. १० किलोओमच्या लाइन इनपुटला जोडली तर सुमारे ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं झिरपून जातं आणि डबड्यासारखा आवाज उरतो. ऑडिओ इंटरफेसवर गिटारसाठी १ मेगओमचं इनपुट असतं, त्यात ही सीमा ८ हर्ट्झपर्यंत खाली जाते. त्याच डिस्कच्या आवाजाला अचानक खोली येते.

पूर्ण कृत्रिम घंटा हवी असेल तर १९८० च्या टीआर-८०८ ड्रम मशीनमधली काऊबेल पाहा. सुमारे ५४० आणि ८०० हर्ट्झच्या दोन चौकोनी लहरी, एका बँडपास फिल्टरमधून, म्हणजे ठरावीक पट्ट्यातलाच आवाज सोडणाऱ्या चाळणीतून, काढलेल्या, एवढंच. तिसरी लहर १३०० च्या आसपास जोडा, तिचा क्षय, म्हणजे आवाज विरण्याचा वेळ, बाकीच्या दोघींहून निम्मा ठेवा, आणि लोखंड जवळ येईल. मी स्वतः खरं पातं आणि ही कृत्रिम घंटा एकावर एक ठेवतो, कृत्रिम इतकी हळू की ती वेगळी ओळखू येऊ नये.

बुला आणि सेगोन

ढोलाचा आवाज शून्यातून घडवायचा तर गोल पडद्याचं भौतिकशास्त्र हाताशी घ्या. ताणलेल्या आदर्श पडद्याचे स्वर तारेसारखे १, २, ३ अशा पटीत नसतात. मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३०, २.६५, २.९२ पट असे ते तिरके पडतात. म्हणूनच ढोलाला स्पष्ट सूर नसतो. व्हीसीव्ही रॅक हे फुकट मॉड्युलर सॉफ्टवेअर घ्या, किंवा प्युअर डेटा. या पटींवर पाच-सहा अरुंद बँडपास फिल्टर समांतर लावा आणि त्यांना पाच मिलिसेकंदांचा गोंगाटाचा झटका द्या. बुलासाठी मूळ स्वर २२० हर्ट्झच्या जवळ, सेगोनसाठी १५०, मानमानसाठी ८५. हे आकडे माझ्या कानाचे आहेत, तुम्ही हलवा. गाईच्या जाड कातड्याचा भास हवा तर वरचे तीन फिल्टर दाबा आणि क्षय लवकर करा. बकऱ्याच्या पातळ कातड्याचा हवा तर ते मोकळे सोडा आणि झटका दोन मिलिसेकंदांवर आणा.

बुलाचं काम सातत्य. सुरुवातीसाठी मी प्रत्येक ठोक्याचं पहिलं घर रिकामं ठेवून पुढची दोन भरतो: २, ३, ५, ६, ८, ९, ११, १२. ही माझी मांडणी आहे, देवळातला बोल नव्हे. हेतू एवढाच की ठोका न वाजताही जाणवावा. जोर सारखा ठेवा. बुला कधीही लक्ष वेधून घेत नाही, तो थांबला तरच कळतं की तो होता.

सेगोन निराळा. त्याला घंटेच्या मोकळ्या घरांत बसवा. मोकळी घरं कोणती? २, ४, ७, ९, ११. पाहा, ही पाच घरं मिळूनही एक लय होते आणि ती पश्चिम आफ्रिकेत स्वतंत्रपणे वाजणाऱ्या पाच ठोक्यांच्या घंटेचंच फिरवलेलं रूप आहे. घंटेच्या पोटात तिची जोडीदारीण लपलेली असते. यातली दोन घरं, समजा ४ आणि ११, सेगोनच्या उघड्या थापेला द्या आणि ६ वर एक दाबलेली थाप, घंटेच्या अंगावर. हा झाला पहिला बोल. दुसरा बोल याहून दाट करा. पहिल्या बोलात ११ ची थाप दर चौथ्या चक्राला गळेल अशी शक्यता सीक्वेन्सरला द्या. याहून जास्त नशिबावर सोडू नका. यंत्राने फासे टाकले म्हणजे संवाद होत नाही, सेगोनला मानमानचं ऐकायला शिकवावं लागतं आणि ते पुढच्या पायरीत येतं.

लय तिरकी कशी ठेवायची

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ‘ह्युमनाइझ’ नावाचं बटण असतं. ते वापरू नका. ते प्रत्येक ठोका कसाही मागे-पुढे ढकलतं आणि परिणाम दमलेल्या वादकासारखा होतो. रायनर पोलाक या संशोधकांनी मालीतल्या जेंबे या हातढोलाच्या वादकांच्या ठोक्यांची सूक्ष्म मोजणी केली, तेव्हा दिसलं की ठोक्याचे भाग असमान असतात, पण ती असमानता पक्की असते. चक्रामागून चक्र तोच भाग लांब, तोच आखूड. उत्तम वादकाचा तिरकेपणा अचूक असतो.

तेव्हा असं करा. घंटा सीक्वेन्सरच्या जाळीवर (ग्रिडवर) ताठ ठेवा. बुलाची प्रत्येक ठोक्यातल्या तिसऱ्या घरातली थाप, म्हणजे ३, ६, ९, १२ ची, दरवेळी नेमकी १५ मिलिसेकंद उशिरा टाका. ऐका. मग २५ करा, मग उलट १० मिलिसेकंद लवकर. एका ठिकाणी बुला डोलायला लागेल, तिथे थांबा आणि तो आकडा पूर्ण तुकड्यात तसाच ठेवा. सेगोनला वेगळा आकडा द्या. दोघांच्या तिरकेपणातल्या फरकामुळे दोन माणसं वाजवत असल्याचा भास तयार होतो. वेग बदलला तर हे आकडे पुन्हा कानाने ठरवावे लागतात.

मानमान

इथे बाजारातली चौकोनी रबरी पॅड वापरता येतील, पण मी त्याहून साधा आणि कितीतरी जिवंत मार्ग सुचवतो. जाड प्लायवुडची दीड फुटी फळी घ्या. खालून दोन पिएझो डिस्क चिकटवा, एक मध्यावर, एक काठाशी. वरून पातळ चामडं किंवा रेक्झिन ताणून खिळे मारा. डिस्कचा आवाज मिडीत, म्हणजे यंत्रांना दिल्या जाणाऱ्या नुसत्या आकड्यांच्या सूचनांत, बदलू नका. तो जसाच्या तसा, ऑडिओ म्हणून, ८५ हर्ट्झवर बांधलेल्या त्या फिल्टरांच्या जुडीत सोडा. व्हीसीव्ही रॅकमधलं रेझोनेटर मॉड्यूल किंवा एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरच्या मोठ्या आवृत्तीतलं कॉर्पस, पडद्याच्या नमुन्यावर ठेवून, हेच काम करतं.

याचा फायदा पहिल्याच थापेला कळतो. नख घासलं तर ढोल खरखरतो. तळहात टेकवून मारलं तर आवाज कोंडतो. हैतीचे वादक ओलसर बोट कातड्यावर दाबत सरकवतात आणि ढोल अक्षरशः कण्हतो. तेच इथे करून पाहा. बोट फळीवर सरकतं, डिस्क ती बारीक थरथर उचलते, ८५ हर्ट्झची जुडी तिच्यातून खालचा हुंकार वेचून काढते, आणि स्पीकरमधून जे येतं ते कुठल्याही लूपच्या पेटीत सापडणार नाही. साध्या मिडी पॅडला हे जमणार नाही, कारण त्याला ‘वाजलं’ आणि ‘किती जोरात’ एवढंच कळतं.

हातातून आवाज निघून कानात येईपर्यंतचा उशीर कमीत कमी हवा. ४८ किलोहर्ट्झला बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून पुढे सोडतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा ठेवला तर एका बाजूचा उशीर सुमारे २.७ मिलिसेकंद होतो. येण्याजाण्याचा आणि इंटरफेसचा धरून एकूण दहाच्या आत राहिला तर हात फसत नाही. त्याहून वाढला की तुम्ही नकळत घाईने वाजवू लागता आणि सगळी वीण ओढली जाते. जड इफेक्ट या ट्रॅकवर लावूच नका.

काय वाजवायचं? पहिले काही दिवस जवळजवळ काहीच नाही. घंटा, बुला, सेगोन चालू ठेवा आणि चार चक्रांत एकदा, योग्य वाटेल तिथे, एक थाप. जागा शोधणं हाच रियाज. मग दोन थापा, मग छोटं वाक्य. वाक्य म्हणून झालं की गप्प राहा आणि सेगोनला उत्तर देऊ द्या. त्यासाठी मानमानच्या ट्रॅकवर एन्व्हलप फॉलोअर, म्हणजे आवाजाच्या जोराची रेषा काढणारं साधन, लावा आणि ती रेषा सेगोनच्या बोल-निवडीला जोडा. तुम्ही जोरात बोललात की सेगोन आपणहून दाट बोलावर जाईल, तुम्ही थांबलात की काही क्षणांनी परत येईल. हे जोडणं अर्ध्या तासाचं काम आहे आणि पूर्ण प्रकल्पात याच्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

कासे

आता कासे, म्हणजे वीण मोडणं. चालू लयीच्या विरुद्ध मानमान ठोके टाकायला लागतो, नाचणाऱ्याच्या पाठीतली लाट तुटते, शरीर झटके खातं. विधीमध्ये ल्वाच्या आगमनाशी या क्षणाचं थेट नातं असतं. नाचणाऱ्यांकडे पाहून, नेमकी वेळ हेरून वादक तो आणतो.

क्लबच्या संगीतात वाढलेल्या माणसाला इथे ‘ड्रॉप’ आठवतो: सगळं थांबवायचं, ताण वाढवायचा, मग बासला धाडकन सोडायचं. कासेमध्ये नेमकं उलट घडतं. घंटा थांबत नाही, बुला थांबत नाही. जमीन तशीच राहते म्हणून तर तिच्यावरचा भूकंप जाणवतो. तेव्हा एक फूटस्विच घ्या आणि त्याला एवढीच कामं द्या: सेगोनला दाट बोलावर कायम ठेवणं, प्रतिध्वनीचा परतावा (फीडबॅक, म्हणजे पडसाद किती वेळ घुमतो ते) वाढवणं, मानमानच्या फिल्टरांचा क्षय दुप्पट करणं. ओगानला हात लावू नका. पाय दाबला की मानमानवर तीन-तीनच्या ठोक्याविरुद्ध चार-चार घरांचे गट वाजवा: १, ५, ९. मग दोन-दोनचे. मघाशी पायाने जे चाललात तेच आता हातात आलं. चार ते आठ चक्रं, म्हणजे दहा ते वीस सेकंद, पुरे होतात. मग स्विच सोडा आणि घंटेच्या अंगावर परत या.

कासे सोळाव्या किंवा बत्तिसाव्या चक्राला येईल असं टाइमलाइनवर ठरवून ठेवू नका. कुणी नाचत असेल तर त्याच्याकडे पाहा. कुणीच नसेल तर स्वतःच्या पाठीकडे लक्ष द्या.

प्रतिध्वनी हा चौथा ढोल

मघाचे आकडे काढा. एक घर २०० मिलिसेकंद. डिले, म्हणजे पडसाद उशिरा देणारा इफेक्ट, १००० मिलिसेकंदांवर, म्हणजे पाच घरांवर लावला तर घंटेच्या सात ठोक्यांपैकी सहांचे पडसाद आधीच्याच ठोक्यांवर पडतात आणि फक्त एक नवा, ११ व्या घरात उगवतो. लय जवळजवळ तशीच राहते, पण कुठेतरी एक जास्तीचा ठिपका लुकलुकतो. आता डिले १२०० वर आणा, बरोबर अर्धं चक्र. फक्त दोन पडसाद जुन्या ठोक्यांवर पडतात आणि उरलेले पाच, पाचही मोकळी घरं भरून काढतात. घंटा आणि तिची लपलेली जोडीदारीण, दोघी एकदम ऐकू येतात. परतावा शून्याजवळ आणि पडसादाची पातळी खाली ठेवून हे करून पाहा. पडसादाला फिल्टर लावून अंधारलेला ठेवा. चालत्या तुकड्यात १००० वरून १२०० वर जाणं ही माझ्या मते स्वतंत्र सिंथ आणण्याहून कितीतरी मोठी घटना असते.

पेत्वोच्या धाटणीचा तुकडा करायचा असेल तर प्रतिध्वनी जवळपास काढून टाका. तिथे थापेची धार हवी. प्रत्यक्ष पेत्वो विधीत चाबकाचा फटकारा आणि शिट्टी यांनाही जागा असते, त्यावरून केवढी धार लागते याचा अंदाज यावा.

रारा: एक आवाज, एक सूर

ढोलांवर पकड आल्यावर सूर आणायचे असतील तर लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासांच्या काळात, ईस्टरपर्यंत निघणाऱ्या रारा मिरवणुकांकडे पाहा. त्यात वाक्सिन नावाचे बांबूचे कर्णे असतात, एका कर्ण्यातून मुख्यत्वे एकच सूर. चार-पाच जण आपापला सूर आपापल्या वेळी फुंकतात आणि त्यातून एक धून विणली जाते. शिवाय फुंकताफुंकता बांबूवर काठीने ठेकाही धरतात. यंत्रात चार मोनो सिंथ (एका वेळी एकच सूर देणारे) घ्या, प्रत्येकाला एकच सूर, तो २०-३० सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) हलवलेला, आणि कुठल्याही परिस्थितीत दुसरा सूर देऊ नका. चारांपैकी एक बंद केला तर धून भोकं पडून उभी राहिली पाहिजे, तर समजा वाटणी बरोबर झाली.

मिक्स

थोडक्यात सांगतो. मानमान सोडून बाकी सगळ्यांचं ११० हर्ट्झखालचं काढून टाका. सगळ्या ढोलांना एकच लहान खोली द्या, वेगवेगळे रिव्हर्ब नकोत. एकत्रित कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार दाबणारा) अगदी हलका, कारण कासेचा सगळा जोर आवाजाच्या चढउतारात आहे. घंटा मोठी नको, पण कधीही झाकली जाता कामा नये. किक हवीच असेल तर चक्राच्या १ वर एकच, आणि तीही तुकडा निम्मा सरल्यावर.

कुणाचं, कुणाला विचारून

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राईश १९७० मध्ये घानाला गेले, एवे परंपरेतल्या गुरूकडे वादन शिकले आणि परतल्यावर १९७१ मध्ये जी मोठी तालवाद्य-रचना पूर्ण केली तिच्यात घानाचं एकही वाद्य नाही: बोंगो, मारिंबा, ग्लॉकेनश्पिल, पिकोलो आणि मानवी आवाज. त्यांनी रचनेची दृष्टी घेतली. आपल्या प्रकल्पालाही हीच वाट मानवते, म्हणून वरच्या सगळ्या पायऱ्यांत आवाज स्वतः घडवायला सांगितला आहे.

विधीच्या जुन्या ध्वनिमुद्रणातला तुकडा कापून वापरू नका. संग्रहातलं ऐकायला खुलं असलं म्हणजे विकायला खुलं होत नाही, आणि त्यात गाणारी माणसं प्रार्थना करत होती. मुखपृष्ठावर ल्वांची चिन्हं नकोत. पुजाऱ्याच्या हातातला आसोन, तो मणी ओवलेला खुळखुळा, त्याचा आवाज सजावट म्हणून नको. शीर्षकात ‘यानवालू’ लिहायचं तर तुम्ही ती लय शिकलेले असावेत, नाहीतर स्वतःचं नाव द्या.

महाराष्ट्रात आफ्रिकी वंशाचं वादन म्हटलं की जंजिऱ्यामुळे सिद्दी आठवतात. गुजरातेतल्या सिद्दींच्या धमालमध्ये मुगरमान हा उभा ढोल आजही वाजतो आणि तो प्रत्यक्ष ऐकणं हा मोठा अनुभव आहे. पण ती परंपरा बाबा गोरच्या दर्ग्याशी आणि पूर्व आफ्रिकेशी जोडलेली, सूफी वळणाची आहे. ती हैतीच्या ढोलांत मिसळून ‘आफ्रिकन’ असं एकच लेबल लावू नका. दोन्हींवर अन्याय होतो.

हैतीच्या वादकाबरोबर काम करण्याची संधी मिळाली, अगदी ऑनलाइन शिकवणीतून का होईना, तर पैशांचं आधी बोला. वादनाची रक्कम वेगळी, रचनेतला वाटा वेगळा, दोन्ही लेखी, ध्वनिमुद्रणाच्या आधी. मानमान त्यांनी वाजवला असेल तर रचनेत त्यांचा वाटा असतोच, कारण तुकड्याचा आकार कासेने ठरतो आणि कासे त्यांच्या हातून आलेला असतो. तुम्ही आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या भारतीय संस्थेचे सदस्य असाल तर रचनेची नोंद करताना हीच टक्केवारी भरा. त्यांचं नाव त्यांना हवं त्या स्पेलिंगने लिहा, क्रेयोल असेल तर क्रेयोल.

कच्चं मिक्स झालं की दोन फाइली त्यांना पाठवा: एक पूर्ण तुकडा, दुसरी फक्त घंटा आणि मानमान. दुसऱ्या फाइलमध्ये त्यांना तुमच्या सजावटीशिवाय लय ऐकता येते आणि घंटा कुठे उलटी बसली असेल तर पहिल्या काही सेकंदांतच सांगता येतं. कासेची जागा त्यांनी हलवायला सांगितली, तर हलवा आणि त्यानंतरच मास्टरिंगला द्या.